पेजमेकरमधले जुने दिवाळी अंक: कोणत्या फायलींना धोका जास्त, हे कसे ठरवावे?

दाखलनोंद यांचा प्रश्न

नमस्कार. मी एका तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारिणीवर आहे. वाचनालय १९९६ पासून दिवाळी अंक काढते आणि त्याआधीपासून काही कामे संगणकावर होत आली आहेत. त्यामुळे कपाटात चाळीसएक सीडी, थोड्या फ्लॉपी आणि एक जुनी हार्ड डिस्क साठली आहे. त्यात काय आहे, ते सांगतो. ग्रंथांची दाखल नोंदवही १९९३ मध्ये फॉक्सप्रो या नोंदी ठेवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये भरली होती, तिच्या डीबीएफ फायली आहेत. त्या वेळी मराठीसाठी संगणकात जिस्ट कार्ड बसवले होते. १९९६ ते २००९ चे अंक पेजमेकर या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत आणि मुखपृष्ठे कोरलड्रॉ या चित्ररचनेच्या सॉफ्टवेअरमध्ये. २०१० नंतर छापखान्याने आम्हाला फक्त पीडीएफ दिल्या. याशिवाय वर्डमधील वार्षिक अहवाल आणि व्याख्यानमालेच्या एमपी३ ध्वनिफिती आहेत.

गेल्या महिन्यात एका दिवंगत लेखकांच्या कन्येने २००१ च्या अंकातील वडिलांचा लेख मागितला. फाईल सापडली, एका जुन्या संगणकावर ती उघडलीही, पण पडद्यावर रोमन अक्षरे, डॉलरची चिन्हे आणि कंस यांची भेळ दिसली. शेवटी बांधीव खंड काढून त्या पानांचे फोटो पाठवावे लागले. हे बैठकीत सांगितल्यावर कार्यकारिणीने थोडी रक्कम मंजूर केली, पण एका ज्येष्ठ सभासदांनी रास्त अट घातली, की कोणत्या फायली किती धोक्यात आहेत याची यादी आधी करावी आणि त्या क्रमानेच पैसे खर्च करावेत.

मी फायली वर्षाप्रमाणे लावल्या. सर्वांत जुन्या त्या सर्वांत धोक्यात, असे धरून डीबीएफ पहिल्या, पेजमेकर दुसरे, आणि पीडीएफना हात लावण्याची गरज नाही, असा क्रम झाला. ही रीत बरोबर आहे का? फाईलचा प्रकार निकामी होण्याचा धोका जाणकार मंडळी कशावरून मोजतात?

अभिलेखाकार यांचे उत्तर

साहेब, यादी करण्याचा आग्रह धरणाऱ्या सभासदांचे अभिनंदन, पण वय हा निकष म्हणून फार कच्चा आहे आणि तुमच्याच कपाटात तो उलटा पडतो.

अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने फाईलच्या प्रकारांच्या टिकाऊपणासाठी सात कसोट्या वापरात ठेवल्या आहेत. प्रकाराची रचना जाहीर आहे का, तो किती लोक वापरतात, साध्या साधनांनी आतला मजकूर पाहता येतो का, फाईल स्वतःची माहिती स्वतःत बाळगते का, तिला बाहेरच्या कशाकशावर अवलंबून राहावे लागते, पेटंटची आडकाठी आहे का आणि कुलूपबंदीचे तंत्र लावले आहे का, अशा त्या कसोट्या आहेत. छोट्या संस्थेने सातही रकाने भरत बसण्याची गरज नाही. एमपी३ चेच पाहा. पेटंटधारकांनी आपला परवाना कार्यक्रम २०१७ मध्ये बंद केला, वाजवणारी साधने सर्वत्र आहेत, तेव्हा त्या ध्वनिफितींच्या प्रकाराची काळजी आज करू नका. जुन्या वर्डच्या डॉक प्रकाराची रचना मायक्रोसॉफ्टने २००८ मध्ये जाहीर केली आणि लिबरऑफिस हे मोफत सॉफ्टवेअर त्या फायली उघडते. तुमच्या बाबतीत खरी कसोटी पाचवी, म्हणजे बाहेरचे अवलंबित्व.

आता डीबीएफ घ्या. ती रचना इतकी साधी आहे, की वर रकान्यांची नावे व रुंदी आणि खाली ठरावीक लांबीच्या ओळी, एवढेच तिच्यात असते. लिबरऑफिसमध्ये ती आजही थेट उघडते. जिस्ट कार्डावर भरलेली मराठी इस्की या संकेतप्रणालीत असते आणि इस्की हे भारतीय मानक ब्युरोचे प्रसिद्ध मानक आहे, आयएस १३१९४, वर्ष १९९१. युनिकोडचा (म्हणजे आजच्या संगणकांवरील सर्व लिप्यांच्या सामाईक संकेतप्रणालीचा) देवनागरी विभाग इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर बेतलेला असल्यामुळे दोन्हींतील अक्षरांचा क्रम जवळजवळ सारखाच आहे, आणि तक्ता हाताशी ठेवून एखादा हुशार विद्यार्थी हे रूपांतर करून देऊ शकेल. म्हणजे तुमच्या यादीतील सर्वांत म्हातारी फाईल प्रकृतीने ठणठणीत आहे.

पेजमेकरची गोष्ट वेगळी आहे. त्याची शेवटची आवृत्ती, ७.०, २००१ मध्ये आली. त्यानंतर अडोबी कंपनीचे इनडिझाइन हे पानमांडणीचे सॉफ्टवेअर पेजमेकर ६.० पासून पुढच्या फायली उघडत असे, पण ती सोय २०१२ च्या सीएस६ आवृत्तीपर्यंतच राहिली. शिवाय पेजमेकरला युनिकोड येतच नसल्यामुळे त्यातली मराठी ही संगणकाच्या दृष्टीने मराठी नाहीच. ती रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली देवनागरीची चित्रे आहेत आणि कोणत्या जागी कोणते चित्र, हे फक्त त्या फॉन्टला ठाऊक असते. पाहिजे ते सॉफ्टवेअर, तेच चालवणारा संगणक आणि नेमका तोच फॉन्ट अशी साखळी जुळली, तर पान दिसते. तुम्हाला दिसलेली भेळ म्हणजे साखळीतली फॉन्टची कडी निसटली, एवढेच. फाईल शाबूत होती.

म्हणून माझी सूचना अशी, की प्रत्येक गठ्ठ्यासमोर तीन गोष्टी लिहा: उघडण्यासाठी कायकाय लागते आणि त्यातले आज तुमच्या हातात काय आहे, ती फाईल गेली तर नेमके काय जाते, आणि आज वाचवायला किती तास लागतील. दुसऱ्या प्रश्नासाठी कपाटाबाहेर बघावे लागेल. कोणत्या अंकांच्या छापील प्रती आहेत आणि कोणत्या वर्षाची एकही उरलेली नाही, हे आधी तपासा. ज्या वर्षाची छापील प्रत नाही, ते वर्ष यादीत सर्वांत वर जाते, मग फाईलचा प्रकार कोणताही असो.

खिळेजुळारी यांचे उत्तर

मी १९९४ पासून डीटीपीच्या धंद्यात आहे, त्यामुळे वरच्या साखळीतल्या काही कड्या रोज हाताळलेल्या आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे हार्डवेअर लॉक. मराठी फॉन्टचे बरेच संच त्या काळी संगणकाच्या मागे, प्रिंटरच्या पोर्टला लावायच्या लॉकवर चालत. लॉक काढले, की कळफलक चालत नसे आणि टंकलेखन थांबे. आज ते पोर्ट असलेला संगणक मिळवणे हेच मोठे काम आहे. माझ्याकडचे एक लॉक खराब झाले तेव्हा विक्रेत्याने नवा संच घ्या, एवढेच उत्तर दिले होते. तेव्हा यादीत फाईलच्या नावाशेजारी "लॉक कोणाकडे आहे" हाही रकाना ठेवा. पान फक्त पाहायचे असेल तर सहसा नुसता फॉन्ट पुरतो, पण त्याच फॉन्टात दुरुस्ती करायची म्हटली, की लॉक आठवते.

दुसरी गोष्ट फॉन्टच्या नावाची. एकाच नावाच्या फॉन्टच्या दोन आवृत्त्यांत अक्षरांच्या जागा वेगळ्या, हा प्रकार मी एकदा नाही, तीनदा भोगला आहे. पान उघडते, मजकूर मराठीच दिसतो, फक्त काही जोडाक्षरे चुकीची पडतात आणि घाईत असलेल्या माणसाच्या ते लक्षातही येत नाही. त्यामुळे अंकाच्या सीडीवर फॉन्टचे फोल्डर असेल, तर ते सोन्यासारखे जपा. जुन्या ऑपरेटरला ती सवय होती, कारण दुसऱ्या गावच्या छापखान्यात काम पाठवताना फॉन्ट बरोबर दिला नाही, तर रात्री फोन यायचा.

तिसरी गोष्ट मुखपृष्ठांची. कोरलड्रॉच्या फायलीत मजकूर बहुधा "कर्व्ह्ज" करून दिलेला असतो, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या बाह्यरेषा उरतात. त्याचा फायदा असा, की फॉन्ट नसला तरी मुखपृष्ठ हुबेहूब दिसते. तोटा असा, की त्यात संगणकाला वाचता येईल असे एकही अक्षर नसते. मुखपृष्ठाला ते चालते. पण काही छापखाने फॉन्टची कटकट नको म्हणून आतली पानेही कर्व्ह्ज करून पीडीएफ बनवत. म्हणून तुमच्या २०१० नंतरच्या पीडीएफ "सुरक्षित" या रकान्यात टाकण्याआधी एक चाचणी करा. कोणतेही पान उघडा, एक ओळ निवडा, कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठी उतरली तर उत्तम. रोमन भेळ उतरली, तर पान दिसायला ठीक असले तरी मजकूर अडकलेला आहे. आणि ओळ निवडताच आली नाही, तर ते कर्व्ह्ज आहे किंवा स्कॅन आहे. भेळ उतरली तर हताश होऊ नका, पीडीएफच्या गुणधर्मांच्या खिडकीत फॉन्टची यादी असते. तिथले नाव टिपून ठेवा, त्यावरून योग्य परिवर्तक, म्हणजे जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे सॉफ्टवेअर, निवडता येतो.

परिवर्तकाबद्दल मात्र सावध करतो. जुन्या फॉन्टात मजकूर दिसेल त्या क्रमाने साठवलेला असतो. "किती" लिहिताना पहिली वेलांटी आधी आणि क नंतर. "सूर्य" लिहिताना रफार शेवटी. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम असतो, त्यामुळे परिवर्तकाला ही उलथापालथ करावी लागते आणि बरेच परिवर्तक ती बरी करतात. पण हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेले परिवर्तक आपल्या ऱ्यवर अडखळतात. एका उत्सवाच्या स्मरणिकेत महाप्रसाद करणाऱ्या आचाऱ्यांचा सत्कार झाल्याची बातमी होती. रूपांतरानंतर तो आचार्यांचा सत्कार झाला. दोन्ही शब्द शुद्ध असल्यामुळे शुद्धलेखन तपासणीलाही चूक सापडली नाही. मुद्रितशोधन करणाऱ्या बाईंना सापडली, कारण पुढच्या ओळीत जिलबीचा उल्लेख होता.

शंकासुर यांचे उत्तर

माझे मत थोडे निराळे आहे आणि ते मुद्दाम मांडतो. फाईलचे प्रकार मरतात ही भीती जुनी आहे. संगणकतज्ज्ञ जेफ रोथेनबर्ग यांनी १९९५ मध्ये ती ठळकपणे मांडली आणि तेव्हा ती योग्यही होती, कारण त्या काळी प्रत्येक कंपनीचे सॉफ्टवेअर आपापल्या कुंपणात होते. परंतु डिजिटल जतनाचे अभ्यासक डेव्हिड रोझेन्थल यांच्यासारख्या माणसांनी पुढे दाखवून दिले, की एखादा प्रकार पुरेसा पसरला, की तो वाचणारे मुक्त सॉफ्टवेअर कोणीतरी लिहितेच आणि त्याची संहिता उपलब्ध असेपर्यंत तो प्रकार सहसा मरत नाही. पेजमेकरचेच उदाहरण घ्या. त्याच्या फायली वाचणारा मुक्त सॉफ्टवेअरचा संच २०१५ च्या लिबरऑफिस ४.४ मध्ये सामील झाला, म्हणजे मूळ कंपनीने नवे पेजमेकर काढणे सोडून दिल्यानंतर दशकाहून अधिक काळाने त्यासाठी एक नवी वाट उघडली.

ब्रिटनमध्ये १९८६ साली बीबीसीने देशाची माहिती गोळा करणारा डूम्सडे प्रकल्प लेझर डिस्कवर केला आणि दीड दशकातच तो वाचणे दुरापास्त झाले, ही गोष्ट या विषयावर बोलताना हमखास सांगितली जाते. पण तिथे मुख्यतः डिस्क, तिचा वाचक आणि तो संगणक दुर्मीळ झाला होता. तुमच्या कपाटातही मला तेच दिसते. पंचवीस वर्षांपूर्वी घरी लिहिलेल्या सीडी हा तुमचा पहिला धोका आहे. प्रकारांचे गुणांकन नंतर करा. आधी सर्व सीडींच्या प्रती दोन वेगवेगळ्या डिस्कवर घ्या, प्रत्येक फाईलची चेकसम (फाईल पुढे बदलली का, हे ताडायचा आकडा) काढून ठेवा आणि मूळ फाईल कधीही पुसू नका. रूपांतराची घाई करणाऱ्यांनी जितके नुकसान केले आहे, तितके प्रकार जुने झाल्याने झाले नसेल. आचाऱ्यांचा किस्सा हा त्याचाच पुरावा आहे.

अभिलेखाकार यांचे उत्तर

शंकासुरांचा पहिला सल्ला शंभर टक्के मान्य आहे: आधी प्रती, मग बाकी सारे. परंतु त्यांचा युक्तिवाद जगभर पसरलेल्या प्रकारांना लागू पडतो. पेजमेकरची पेटी उघडणारे सॉफ्टवेअर जगाने लिहिले, कारण पेजमेकर जगभर होते. पेटीतला १९९९ सालचा अमुक एक मराठी फॉन्ट मात्र काही हजार ऑपरेटरांपुरता होता आणि त्याचा तक्ता लिहून ठेवण्याची गरज आपल्याशिवाय कोणाला भासणार? धोका मोजताना "पेजमेकर" हा एक रकाना धरला, तर ही गोष्ट झाकली जाते. "पेजमेकर अधिक अमुक फॉन्ट" असे धरून मोजावे लागते.

आणखी एक. प्रकार मरत नाही, तरी दार बंद होऊ शकते. मायक्रोसॉफ्ट ऑफिस २००३ च्या तिसऱ्या सर्व्हिस पॅकने (सुधारणा-संचाने) सुरक्षेच्या कारणास्तव कित्येक जुन्या फायली उघडण्यास आपोआप मनाई केली होती. फायली तशाच होत्या, सॉफ्टवेअरला त्या वाचताही येत होत्या, पण सामान्य वापरणाऱ्याच्या दृष्टीने त्या एका रात्रीत गेल्या. अडोबीनेही २०२३ च्या जानेवारीपासून आपल्या रचनेच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप १ या जुन्या जातीच्या फॉन्टचा आधार काढून घेतला. पीडीएफमध्ये आधीच बसवलेले असे फॉन्ट दिसत राहतात. मात्र जुनी मूळ फाईल उघडून पुन्हा पान लावायला गेलात, की अडते. ही साखळी एकाच ठिकाणी तुटते असे नाही, आणि कुठे तुटेल हे फाईलच्या वयावरून कळत नाही.

फायलींच्या नावात टिंबानंतर येणाऱ्या शेपटीवर मात्र विसंबू नका. जुन्या काळी लोक नावे हाताने बदलत. ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे ड्रॉइड नावाचे मोफत साधन फाईलच्या आतल्या खुणा पाहून प्रकार ओळखते आणि सगळ्या डिस्कची यादी काढून देते. तुमच्या सभासदांना हवी असलेली यादी अर्धीअधिक तिथेच तयार होईल.

दाखलनोंद यांचे उत्तर

सर्वांचे आभार. गेले तीन आठवडे सुटीच्या दिवशी बसून मी तुमच्या सूचनांप्रमाणे काम केले, त्याचा हिशेब देतो.

डीबीएफ खरोखरच लगेच उघडली. मराठीच्या जागी स्वरचिन्हे लागलेली परकी अक्षरे दिसत होती. आमच्या एका शिक्षक सभासदांच्या मुलाने इस्कीचा तक्ता घेऊन एका दुपारी रूपांतर केले आणि साधारण अकरा हजार नोंदी मराठीत वाचता येऊ लागल्या. एकच गोष्ट हाती लागली नाही: त्या वेळी शीर्षकाचा रकाना तीस अक्षरांचा ठेवला होता, त्यामुळे लांब शीर्षके अर्ध्यावर तोडलेली आहेत. ते नुकसान १९९३ मध्येच झाले आहे, त्याचा दोष फाईलच्या प्रकाराला देता येणार नाही.

पीडीएफने मात्र मला तोंडघशी पाडले. ज्यांना मी हात लावणार नव्हतो, त्या पीडीएफपैकी २०१० ते २०१४ च्या पाचही अंकांत कॉपी केलेली ओळ रोमन भेळ होऊन उतरते आणि २०१५ च्या अंकात ओळ निवडताच येत नाही. २०१६ पासून पुढे मजकूर नीट उतरतो. म्हणजे आमचा नवा छापखाना युनिकोडवर केव्हा आला, हे आम्हाला दहा वर्षांनी कळले.

पेजमेकरचे अंक लिबरऑफिस ड्रॉमध्ये उघडून पाहिले. चौकटी व मजकूर येतो, ओळी मात्र हलतात. नऊ अंकांच्या सीडीवर फॉन्टचे फोल्डर सापडले, पाचांच्या नाही. छापील प्रती तपासल्या तेव्हा १९९८ आणि २००३ या दोन वर्षांची एकही प्रत वाचनालयात नाही, असे आढळले. २००३ चा फॉन्ट आहे, १९९८ चा नाही. त्यामुळे नवी यादी अशी झाली: सर्वांत वर १९९८, मग २००३, मग फॉन्ट नसलेले बाकीचे अंक, त्यानंतर २०१५ ची पीडीएफ आणि तिच्यामागे २०१० ते २०१४. डीबीएफचे काम झाल्यामुळे ती यादीतून गेली आणि ध्वनिफिती सर्वांत खाली आहेत. ज्येष्ठ सभासदांनी ती पाहून, वर्षाप्रमाणे लावलेल्या पहिल्या यादीवर आपण सही केली असती, असे हसत कबूल केले.

आता दोन शंका आहेत. १९९८ चा फॉन्ट कोणता, हे कसे शोधावे? आणि त्या सीडीवर कागदी लेबल चिकटवलेले आहे, त्याची एक कड सुटली आहे व ती ड्राइव्हमध्ये खरखरते. लेबल काढून टाकावे का?

खिळेजुळारी यांचे उत्तर

लेबल अजिबात काढू नका. लिहिता येणाऱ्या सीडीत चकाकणारा थर लेबलाच्या बाजूलाच, लाखेच्या पातळ लेपाखाली असतो आणि कागद ओढला, की तोही सोलून निघतो. सुटलेली कड बोटाने हलकेच खाली दाबा, वर कुठलीही चिकटपट्टी लावू नका आणि सीडी कमी वेगावर, एकाच बैठकीत, वाचनाच्या चुका गाळून पुढे जाणाऱ्या सॉफ्टवेअरने पूर्ण प्रतिमा म्हणून उतरवून घ्या. सीडीवरचे लिखाण आतल्या बाजूने बाहेर जाते, त्यामुळे कडेजवळ काही निसटले तर बहुधा शेवटी लिहिलेल्या फायली निसटतील. तुमच्या सुदैवाने १९९८ मध्ये सीडी काठोकाठ भरण्याइतका अंक कोणी काढत नव्हते.

फॉन्टचे नाव पेजमेकरच्या फाईलमध्येच लिहिलेले असते. फाईल उघडताना "हा फॉन्ट सापडत नाही" अशी जी खिडकी येते, तिच्यातली नावे घाईने बंद न करता उतरवून घ्या, आणि ड्रॉमध्ये उघडली असेल तर मजकुरावर क्लिक करून वरच्या पट्टीतले नाव पाहा. ते नाव इथे कळवा. १९९७ ते २००२ या काळात आमच्या भागात चालणारे बहुतेक संच माझ्याकडच्या एका जुन्या यंत्रावर परवान्यासह आहेत, त्याला प्रिंटरचे पोर्टही आहे आणि लॉकही. फाईल घेऊन आलात, तर त्या यंत्रावर पाने लावून पीडीएफ काढू. येताना २००३ चीही आणा, आणि १९९७ किंवा १९९९ चा एखादा छापील अंक बरोबर असू द्या. संपादक व जुळारी तेच असतील तर ठेवणही तीच असेल, आणि जोडाक्षरे ताडून पाहायला तो लागेल.